कावा : प्यायचा आणि करायचा

विचारणा अशी आहे : मुलीने स्पेनहून आणलेल्या फेसाळ वाइनच्या बाटलीवर 'कावा' लिहिलंय. उच्चार कावा की कॅव्हा? गनिमी काव्याशी काही नातं? 'ती कावा' म्हणायचं की 'तो'? आणि सोबत खायला काय करावं?

उच्चार कावाच. तिकडे दोन स्वरांमधला व दात न टेकवता, ओठ नुसते जवळ आणून म्हणतात. आपला 'वावर'मधला व त्याला बराच जवळचा आहे, तेव्हा बिनधास्त मराठी कावा म्हणा.

नातं मात्र नाही. आपल्याकडे घोड्याला गोल गोल फिरवण्याला कावा देणं म्हणत. त्या घिरट्यांमधून चकवा, डावपेच हा अर्थ सहज समजतो. तिकडचा कावा म्हणजे बार्सिलोनाकडच्या कातालान भाषेत तळघर. मूळ लॅटिनमधलं, 'पोकळ' या अर्थाचं. दातांचा डॉक्टर ज्या कॅव्हिटीत सिमेंट भरतो, ती याच घराण्यातली! बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली ही वाइन तळघरात निदान नऊ महिने पडून राहते, म्हणून हे नाव.

पण ते मागाहून आलं. बार्सिलोनाजवळच्या सांत सादुर्नी द'आनोइया गावात जुझेप राव्हेंतोस यांनी 1872 मध्ये शँपेनच्या पद्धतीने ही वाइन केली, आणि पुढे कित्येक वर्षं लोक तिला 'शांपान'च म्हणत. फ्रेंचांनी आपल्या नावावर हक्क सांगितल्यावर तळघराचं नाव बाटलीवर चढलं. बार्सिलोनात कावा पाजणाऱ्या गुत्त्यांना अजूनही 'शांपान्येरिया' म्हणतात. सवय जात नाही.

लिंगाची गंमत पुढेच आहे. त्यांच्याकडे तळघर ती कावा आणि पेय तो कावा! आपणही 'तो' धरावा असं माझं मत. पिझ्झा-पिझ्झ्यावर, तसं कावा-काव्याबरोबर. कुणाला कविसंमेलन आठवलं तर आठवू दे.

खरा कावा केला आहे तो लेबलवरच्या 'सेको' या शब्दाने. सेको म्हणजे कोरडा, म्हणजे साखर नसलेला, असं समजून लोक घेतात आणि फसतात. सेकोमध्ये लिटरला 17 ते 32 ग्रॅम साखर असते, एक्स्ट्रा सेकोमध्ये 12 ते 17. बिनगोड हवा असेल तर ब्रूत (12 पर्यंत) किंवा ब्रूत नातूरे (3 पेक्षा कमी, वरून साखर घातलेली नसते) शोधा. आणि मराठीत 'कोरडी वाइन' लिहू नये. कोरडी म्हटलं की भाकरी आठवते. 'बिनगोड' सरळ आहे.

आता खाणं. तिकडे याच्याबरोबर खारे बदाम, हामोन (खारवून सुकवलेलं डुकराचं मांस), तळलेले माकूळ, बटाट्याचं जाड ऑम्लेट असं खारट-तेलकट चालतं; बुडबुडे आणि आंबटपणा तोंडातलं तेल धुऊन काढतात. गोड, सेमी-सेको बाटली असेल तर ती जेवणानंतर. तुमची बाटली ब्रूत असेल तर मी रवा लावून तळलेले बोंबील करीन, कुरकुरीत, आणि वर लिंबू पिळणार नाही. आंबट ग्लासात आहेच.