अर्धी गोळी

"घरच्यांना कर्जाचं कसं सांगू?" दिवाळीनंतर लातूरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न इतक्यांदा आला, की एकदा लिहूनच काढावं म्हटलं. विचारणारे बहुतेक पुरुष, पन्नाशीच्या अलीकडचे-पलीकडचे, आणि कारण सहसा सोयाबीन. 2021च्या पावसाळ्यात क्विंटलला 10,000 रुपये ओलांडलेलं हे पीक 2024च्या सुगीत 4,892च्या हमीभावाच्याही खाली, चार हजारांच्या आसपास गेलं. त्या एका तेजीवर कुणी घर बांधलं, कुणी ट्रॅक्टर उचलला. हप्ते तेजीच्या हिशोबाचेच राहिले.

त्यातलेच एक काका. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललेत.) औसा तालुका, सात एकर कोरडवाहू. झोप लागत नाही म्हणून आले आणि चौथ्या भेटीत बोलते झाले. "मॅडम, बँकेचं पीककर्ज हाय, वरून सावकाराचे दोन लाख. घरात कुणालाच माहीत नाही. पोरगं इथं नीटची तयारी करायलंय, त्याचं ध्यान उडंल."

"आणि काकूंना?"

"तिला बीपी हाय. कशाला जिवाला घोर?"

माझा कल पहिल्यापासून एकट्या माणसापेक्षा अख्ख्या घराशी बोलण्याकडे. काही सहकाऱ्यांना ते पटत नाही, असो. काकांनी महिनाभर टाळलं, मग तिघं आले. कर्जाचं नाव न काढता मी एवढंच विचारलं, "गेल्या वर्षभरात कुणाला न सांगता तुम्ही काय बंद केलंत?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग पोरगा म्हणाला, "मेस एकाच टायमाची केलो. रात्री मुरमुरे." काकूंनी गर्रकन वळून त्याच्याकडे पाहिलं. मग पदराशी चाळा करत म्हणाल्या, "मी गोळी अर्धी करून घेते. तीस गोळ्या दोन महिने जातात." काका सहा महिने दुखऱ्या दाढेत लवंग धरून होते, हे मलाही तेव्हाच कळलं.

"म्हंजे तुम्हाला माहीत होतं?" काकांचा आवाज फुटला.

"पिठाच्या डब्याला बी कळतं की," काकू म्हणाल्या, "तुमीच बोलंनात."

कर्ज सगळ्यांना कळलं होतं. लपून राहिली होती ती प्रत्येकाची काटकसर. आणि त्या तासाला जे दिसलं ते मला पुढे घराघरांत दिसू लागलं. तंगी आली की चारचौघांना न दिसणारा खर्च आधी तुटतो. गोळी, दूध, डाळ, दाढ. मोटारसायकलचा हप्ता आणि लग्नातला आहेर शेवटपर्यंत टिकतो. काकूंची गोळी अर्धी झाली त्याच महिन्यात या घरानं भाचीच्या लग्नात 11,000चा आहेर केला होता. "काय बंद केलंत?" हा प्रश्न मी आता बहुतेक घरांना विचारते, अजून एकदाही रिकामा गेलेला नाही.

सांगायचं तर आकड्यानं सांगा. "जरा अडचण आहे" असं मोघम बोललात की लेकरं मनात याहून मोठा आकडा धरून बसतात. वहीत कुणाचे किती, व्याज काय, हे सगळ्यांसमोर लिहा. सावकाराकडे परवाना आहे का, ते सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात विचारा. 2014च्या कायद्यानं विनापरवाना सावकारी गुन्हा आहे. एका बचत गटाचा हप्ता भरायला दुसऱ्या गटाचं कर्ज उचलू नका. दुभतं जनावर विकण्याआधी आहेर तोडा, चार लोक बोलतील, बोलू द्या. बीपीची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळते, ऑगस्ट 2023पासून केसपेपरलाही पैसे नाहीत. आणि जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात येत असेल तर वही-बिही राहू द्या, आधी 14416 फिरवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर रात्री-अपरात्रीही माणूस बोलतो, मराठीत.

काकू काही केंद्रात जायला तयार होईनात. सात एकरवाल्याची बायको रांगेत उभी, कुणी पाहिलं तर? शेवटी काका गेले. पुढच्या भेटीत सांगत होते, "रांगेत म्होरं आमच्याच भावकीतला उभा. दोघं बी खाली बघितलो. मग त्यानंच हळूच इचारलं, इथं शुगरची बी मिळते का?"