कोआला दिवसभर झोपतो, तो निलगिरीच्या पानांची नशा चढते म्हणून का?

नाही. ही थाप ऑस्ट्रेलियातही घरोघरी चालते. मी मेलबर्नला राहतो, इथे पाहुण्यांना कोआला दाखवताना कोणी ना कोणी ती ऐकवतोच. पानांत दारूसारखं काही नसतं. असतं ते विष.

सर्दीत आपण ज्या निलगिरी तेलाचा वास घेतो, तेच तेल या पानांत मुरलेलं असतं. लहान मुलाच्या पोटात ते थोडं जरी गेलं तरी दवाखाना गाठावा लागतो. कोआला मात्र रोज अर्धा किलोच्या वर पानं फस्त करतो. त्याचं यकृत हे विष निकामी करण्यात तरबेज आहे. २०१८ मध्ये कोआलाच्या जनुकांचा पूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा नेमकी याच कामाची जनुकं त्याच्याकडे ढिगाने निघाली. तरीही प्रत्येक पान तो हुंगून घेतो आणि पुष्कळशी नाकारतो. निलगिरीच्या शेकडो जातींपैकी थोड्याच त्याला चालतात.

खरी अडचण वेगळीच आहे. पानं चिवट, प्रथिनं जेमतेम, साखर नावाला. ती कुजवून त्यातून काही मिळवायला त्याच्या मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला एक बंद नळी असते, जवळपास दोन मीटर लांब! प्राणी स्वतः पाऊण मीटरचा. अन्न तिथे कित्येक दिवस पडून असतं. एवढ्या खटाटोपानंतर हाती येणारी ऊर्जा इतकी तुटपुंजी, की १८ ते २० तास हातपाय न हलवणं हाच शहाणपणा. त्यातही सगळा वेळ झोप नसते, बराच वेळ तो नुसता बसलेला असतो. लोक याला आळशी म्हणतात. मी तर काटकसरी म्हणेन.

ही पानं पचवणारे जिवाणू पिल्लाला जन्मतः मिळत नाहीत. सुमारे ३५ दिवसांच्या गर्भारपणानंतर ते जन्मतं, तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं, आंधळं असतं आणि स्वतःच सरपटत आईच्या पोटावरच्या पिशवीत शिरतं. सहाएक महिने दुधावर काढल्यावर आई त्याला स्वतःची एक खास मऊ, पातळ विष्ठा खाऊ घालते. किळस वाटू द्या, पण त्यातूनच जिवाणू पिल्लाच्या पोटात जातात. पिशवीचं तोंड वर नसून खालच्या बाजूला असल्याने पिल्लाला डोकं काढून तिथवर सहज पोचता येतं.

उन्हाळ्यात तो खोडाला मिठी मारून बसतो, तेही लाडाने नव्हे. खोड हवेपेक्षा थंड असतं, हे २०१४ च्या एका अभ्यासात मोजून दाखवलं गेलं.

मात्र या हिशेबात चुकीला जागा नाही. झाडं तुटली, वणवे लागले की त्याला दुसरं काही खाता येत नाही. २०२२ मध्ये क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी कॅनबेराच्या प्रदेशातले कोआला 'संकटग्रस्त' जाहीर झाले. उलट आमच्या व्हिक्टोरिया राज्यात केप ऑटवेला ते इतके वाढले, की झाडंच ओरबाडून संपली आणि कोआला उपाशी मेले.

कधी इकडे आलात तर प्राणिसंग्रहालयाचं तिकीट काढण्यापेक्षा पेन्सव्हिलहून फेरीने रेमंड आयलंडला जा. तिथे १९५० च्या दशकात आणून सोडलेल्या कोआलांची पिढी मोकळी राहते. फांद्यांच्या बेचक्यांत राखाडी गोळा शोधा. झाडाखाली लेंड्या दिसल्या तर आधी वर बघा.