भारतात इतक्या भाषा आहेत, मग आकाशवाणी-दूरदर्शन सगळ्या भाषांना न्याय कसा देतात? खरंच देतात का?

मी देगलूरकडचा, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या तेलंगण-कर्नाटक सीमेजवळचा. एका आकाशवाणी केंद्रावर (कोणतं ते जाऊ द्या) सात-आठ वर्षं नैमित्तिक म्हणून काम केलं, म्हणजे महिन्यातून पाच-सहा ड्युट्या, कधी उद्घोषक तर कधी बातम्यांचं भाषांतर. त्यामुळं उत्तर त्या खुर्चीतूनच देतो, दिल्लीतून कसं दिसतं ते दिल्लीवाले सांगतील.

कागदावर बघितलं तर न्याय दिलाय. आकाशवाणी स्वतःच सांगते की २३ भाषा आणि १७९ बोलींमधून प्रसारण होतं. संस्कृत बातम्या तर १९७४ पासून चालू आहेत, आमच्या पिढीला एक अक्षर कळायचं नाही पण "सम्प्रति वार्ताः श्रूयन्ताम्" सगळ्यांना पाठ. आणि स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आकाशवाणीची उणीपुरी सहा केंद्रं होती हो, दिल्ली मुंबई कलकत्ता मद्रास लखनौ तिरुचिरापल्ली. तिथून इथपर्यंत येणं ही साधी गोष्ट नाही, उगाच नावं ठेवणाऱ्यातला मी नाही.

मराठवाड्याचं मात्र जरा वेगळं आहे. आपल्याकडं रेडिओ ब्रिटिशांचा नाही, निजामाचा. हैद्राबादला डेक्कन रेडिओ आणि औरंगाबादलाही संस्थानचंच केंद्र. तिथं चलती उर्दूची, आणि ऐकणारा शेतकरी मराठी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामानं माघार घेतल्याचं भाषण केलं तेही रेडिओवरूनच. १ एप्रिल १९५० ला ही केंद्रं आकाशवाणीकडं आली. पुढं भाषावार राज्यं झाली आणि रेडिओही तसाच वाटला गेला, एक राज्य एक भाषा. पण औरंगाबादहून अजूनही मराठीबरोबर उर्दू प्रादेशिक बातम्या देतात, ही जुनी शिदोरी टिकली याचं मला बरं वाटतं.

आता राज्याची हद्द नकाशावर असते, मीडियम वेव्हला तिचं काय. दिवसा या लहरी जमिनीच्या आधारानं थोड्या लांब जातात आणि सूर्य बुडाला की वरच्या वातावरणात आपटून शेकडो किलोमीटर पलीकडं उतरतात. त्याच्यामुळं आमच्या घरी रात्री काटा जरासा सरकवला की परभणीच्या जागी हैद्राबादची तेलुगू, अजून सरकवला की कन्नड. आजी मराठीच बोलायची पण तिचं माहेर सीमेपलीकडचं, ती तेलुगू गाण्याला थांबायची आणि आम्ही पोरं ओरडायचो की आजे बदल ना. देगलूर-बिलोली-उदगीरच्या माणसाला तीन भाषा कानावर लागतात पण केंद्राच्या हिशोबात तो एकाच भाषेचा श्रोता. माझं पहिलं गाऱ्हाणं हे.

टीव्हीचं तर बोलूच नका. रेडिओचं एक केंद्र टाकणं त्या मानानं स्वस्त, टीव्हीचं महाग, म्हणून बोलीला रेडिओ मिळतो आणि टीव्ही मिळतो तो राजधानीच्या भाषेला. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ चं, पण १९८२ नंतर रात्रीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला तो हिंदी-इंग्रजीचा, मराठीनं त्याच्या आधी आटपून घ्यायचं. "आमची माती आमची माणसं" तेवढं आपलं वाटायचं.

बाहेरचं एक सांगतो. स्वित्झर्लंडमध्ये एकच सार्वजनिक संस्था चार भाषांत रेडिओ-टीव्ही चालवते, त्यातली रोमान्श बोलणारे तर शंभरात एकसुद्धा नाहीत. तरी त्यांना स्वतःचे कार्यक्रम आहेत, कारण घराघरातून जी फी गोळा होते त्यातला जर्मन भाषिकांचा बराच हिस्सा छोट्या भाषांकडं वळवतात. डोकी मोजून पैसा वाटला असता तर रोमान्श कधीच बंद पडली असती. आपल्याकडं रेडिओ-टीव्ही ठेवायला पैसे भरून लायसन काढावं लागायचं ते कधीचंच गेलं, आता प्रसार भारतीचा (आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी संस्था) बराच खर्च सरकारी तिजोरीतून, मग कोणत्या भाषेला किती ते वरूनच ठरतं.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. भाषा मिळाली तरी कोणती मराठी? बातमी कशी बनते बघा. दिल्लीहून इंग्रजी-हिंदी मजकूर येतो, जिल्ह्याजिल्ह्यातले अंशकालीन वार्ताहर फोनवर बातम्या सांगतात, आपण ते दहा मिनिटांत बसवायचं. एका पावसाळ्यात वार्ताहराचा फोन आला, "धरणातून पाणी सोडायलेत, नदीकाठच्यांनी सरकून ऱ्हावं म्हणायलेत." मी लिहिलं, "धरणाच्या दरवाजांमधून नदीपात्रात विसर्ग सुरू असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे." मनात म्हणलं वा, काय नटवलंय वाक्य. बातम्या संपल्या आणि ड्युटी रूममधला फोन वाजला. गोदाकाठच्या कुठल्यातरी गावचे म्हातारबाबा.

"साहेब, ते विसर्ग म्हणजी पाणी सोडलं का बंद केलं?"

शाळेत विसर्ग म्हणजे दोन टिंबं, अजून काय माहीत असणार त्यांना. मी म्हणलं सोडलंय बाबा, म्हशी वर घ्या. "मग तसं सांगा की" म्हणले आणि फोन ठेवला.

पुढच्या बातमीपत्रात मी "पाणी सोडण्यात आलं आहे" लिहिलं तर वरिष्ठांनी ते खोडून परत विसर्ग केलं, म्हणले बातमीला भारदस्तपणा पाहिजे. तेच पाणी संध्याकाळी शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात गप्पा मारणाऱ्या दोघांनी "पाणी सोडलंय बरं का भाऊ, मोटारी काढून घ्या" असं सांगितलं, त्यांना कोणी अडवलं नाही, कारण तो कार्यक्रम गावाकडचा ना! त्या दिवशी परत कोणाचा फोन आला नाही.