केत्झाल बघायचाय? आधी झाड शोध

कोस्टा रिकाला केत्झालसाठी निघालायस, तर पक्षी शोधत मान मोडून घेऊ नकोस. झाड शोध. तिथले लोक त्याला ‘आग्वाकातिल्यो’ म्हणतात, म्हणजे रानटी अवोकाडो. केत्झाल झेप घेऊन फळ तोडतो, अख्खं गिळतो आणि मग बराच वेळ फांदीवर ढिम्म बसतो. बी नंतर चोचीतून बाहेर टाकतो. त्यामुळे फळलेल्या झाडाखाली पहाटेच जाऊन उभा राहा. सह्याद्रीतला कर्णा पक्षी (मलबार ट्रोगन) पाहिला असशील तर ही बसण्याची तऱ्हा ओळखीची वाटेल. दोघं एकाच कुळातले.

केत्झालचा हिरवा रंग फसवा असतो हं! उन्हात झळाळतो, सावलीत पानांत विरून जातो. लाल पोट शोधलंस तर लवकर सापडेल.

केत्झाल बघायला लोक जातात ते कोस्टा रिकातलं सान जेरार्दो दे दोता हे गाव साधारण २२०० मीटर उंचीवर आहे, स्वेटर-रेनकोट घे. मार्च-एप्रिल उत्तम. विणीनंतर नराची शेपटीची ती लांबलचक पिसं गळतात, मग फोटोत निम्मी मजा जाते.

घरट्याच्या ढोलीपासून लांब राहा. मोबाईलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं तर अजिबात नाही, कितीही मोह झाला तरी.