आधी शिव, मग लिही

अगं,

लोरा स्टँडिशच्या भरतकामावर चार पानी मेल लिहिलीस आणि त्यात दोऱ्याचा रंग एकदाही आला नाही. पितृसत्ता मात्र पानोपानी!

तुझी अडचण कळली. गाइड म्हणतात, सतराव्या शतकातल्या पोरीला सुईला जुंपलं होतं, हेच मांड. तुला ते कापड सुंदर वाटतं आणि सुंदर वाटल्याचीच टोचणी लागलीय. म्हणून प्रबंधाचा विषयच बदलायचा म्हणतेस. बदलू नकोस. दोन्ही मतं बाजूला ठेव आणि आधी शिवायला बस.

लोराचं सॅम्पलर, म्हणजे टाक्यांचे नमुने भरलेलं कापड, १६५३च्या सुमाराचं मानतात; अमेरिकेत तयार झालेल्यांपैकी आज माहीत असलेलं सगळ्यात जुनं. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या पिलग्रिम हॉल संग्रहालयात ते आहे. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून आलेल्या कॅप्टन माइल्स स्टँडिशची ही लेक. एवढं तू लिहिलंयस. पण पट्टी लांब आणि अरुंद का, हे कुठे लिहिलंस? तेव्हा असे नमुने गुंडाळून ठेवत आणि कापडावर नक्षी काढायची वेळ आली की उलगडून बघत. घर, झाडं, आदम आणि इव्ह भरलेले, भिंतीवर मिरवायचे चौकोनी नमुने मुख्यतः पुढच्या शतकातले. ते डोळ्यांसमोर ठेवून लोरावर लिहिशील, तर पहिल्याच पानावर घसरशील.

दुसूती घे. लिनन मिळालं तर उत्तम, पण त्यावाचून अडून बसू नकोस. दोन उभे, दोन आडवे धागे मोजून फुली घाल. वरचे तिरके टाके सगळे एकाच अंगाला झुकले पाहिजेत. एक जरी उलटा पडला तरी अख्ख्या ओळीत तोच दिसतो. तिचं नाव तिच्याच स्पेलिंगने भर: एल, ओ, ए, आर, ए. ओ गोल येणार नाही, त्याच्या पायऱ्याच होतील. तासाभरात मान आखडेल, मोजणी चुकून उसवावं लागेल, आणि मग कधीतरी हात असा चालायला लागेल की जेवायला हाक मारलेली ऐकू येणार नाही. कंटाळा आणि चटक एकाच बैठकीत येतात. गाइडना हे शिवल्याशिवाय कळणार नाही. तुलाही नाही.

तिच्या ओळींना तू ‘धार्मिक मजकूर’ म्हणून अर्ध्या वाक्यात वाटेला लावलंस, त्याचा खरंच राग आला. आधी ती आपलं नाव सांगते. मग देवाकडे मागते: तुझ्या इच्छेप्रमाणे वागायला माझ्या मनाला वाट दाखव, आणि माझ्या हातांत कौशल्य भर. मन आणि हात, लागोपाठच्या ओळींत! अशा ओळी पुष्कळदा शिकवणारीच देई, तेव्हा त्यांना लोराचं मनोगत म्हणू नकोस. पण अक्षर न् अक्षर तिच्या बोटांखालून गेलंय.

आणि हे बघ, न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या त्या ईशान्य भागातल्या, मुलींना वाचायला शिकवत. लेखणी बहुतेक मुलग्यांच्याच हातात. कितीतरी बायका दस्तावर सहीऐवजी खूण करत. मग अक्षर स्वतःच्या हाताने काढायचं कुठे? लगेच ‘सुईने मुक्ती दिली’ म्हणून उड्या मारू नकोस. हीच अक्षरं पुढे घरातल्या चादरींवर भरायची असत, धुणं मोजून घेताना घोळ होऊ नये म्हणून.

माइल्स स्टँडिश १६५६ साली वारला. डक्सबरी गावात मेलो तर लेक लोरा आणि सून मेरी यांच्याजवळ मला पुरा, असं त्याच्या मृत्युपत्रात आहे. म्हणजे पोर आधीच गेली होती. तिथे तिच्या नावात तो मधला ‘ए’ही नाही. कागद तिच्याबद्दल इतकं कमी बोलतात, म्हणून कापडाकडे जा म्हणते.

मला लोक शिवणाची बाई म्हणतात. पीएचडी राहून गेली, त्याची रुखरुख आहे. नाही कशाला म्हणू? पण कापडाला बोट न लावता कापडावर तासभर बोलणाऱ्यांपुढे मागच्या रांगेत गप्प बसले, त्याची जास्त आहे. वर्गात पुस्तक उघडण्याआधी मी पोरींना उलटी टीप घालायला लावायचे. तक्रारी वरपर्यंत गेल्या, तरी बदललं नाही. का बदलायचं? टीप घातलेल्या पोरी चित्रातला टाका ओळखायच्या, बाकीच्या पाठ केलेलं नाव सांगायच्या.

‘पुण्यात बसून यावर लिहिणारी मी कोण,’ हा प्रश्न तर काढूच नकोस. त्याच न्यू इंग्लंडमधून सिंथिया फरार ही मिशनरी बाई १८२७ साली मुलींच्या शाळांसाठी मुंबईला आली, पुढे अहमदनगरला राहिली. सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं. मिशनच्या मुलींच्या शाळांत अक्षरांच्या जोडीला शिवणही असे. हा धागा धरायचा तर धर, पण वेगळ्या प्रकरणात. आत्ता नको, आत्ता शिव.

दोरा एका वेळी हातभरच घे, लांब घेतलास तर गुंता होतो. नवीन आराखडा पाठवू नकोस, मी वाचणार नाही. नाव भरून झालं की कापडाचा फोटो पाठव, उलट बाजूचाही. गाठी लपवू नकोस, मला दिसतात.