पडदा आणि पदर : वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळी नाशिक शहर आणि जिल्ह्यातून आलेली पत्रं एकत्र घेतली आहेत. मालिकांमधल्या खमक्या बायका हा विषय बहुतेक पत्रांत आहे, म्हणून तिथे जरा जास्त रेंगाळलो.

प्रश्न (पंचवटी) : आमच्या भिशीत दर महिन्याला एकच वाद. निम्म्या जणी म्हणतात, 'रजनी' आणि 'उडान'मधल्या बायका खऱ्या कणखर, आताच्या नायिका नुसत्या सोसतात. उरलेल्या 'आई कुठे काय करते'मधल्या अरुंधतीच्या बाजूच्या. निवाडा द्या.

उत्तर : दोन्हीकडची मापंच वेगळी आहेत. 'रजनी' १९८५ साली दूरदर्शनवर आठवड्यातून एकदा लागायची. दिग्दर्शन बासू चटर्जींचं, रजनी प्रिया तेंडुलकरांची. एका भागात एक तक्रार. कधी गॅस सिलिंडर, कधी टॅक्सीवाला, आणि अर्ध्या तासात सोक्षमोक्ष. टॅक्सीच्या भागानंतर टॅक्सीचालकांनी निषेध केला होता, म्हणजे घाव बसत होता. पण लेखकाला रजनीला पुढच्या आठवड्यापर्यंत अडकवून ठेवायची गरजच नव्हती. 'उडान' (१९८९) हीसुद्धा साप्ताहिक. कविता चौधरींनी ती लिहिली, दिग्दर्शित केली आणि त्यातली पोलीस अधिकारी कल्याणी सिंगही त्यांनीच साकारली. प्रेरणा त्यांच्या बहिणीची, कांचन चौधरी भट्टाचार्य यांची. त्या पुढे २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या, देशात त्या पदावर पोचलेल्या पहिल्या महिला.

रोजच्या मालिकेचं पोट वेगळं. 'आई कुठे काय करते' डिसेंबर २०१९ ते नोव्हेंबर २०२४ अशी जवळपास पाच वर्षं चालली. इथे प्रश्न सुटला की मालिका संपली, म्हणून उत्तर लांबवावं लागतं. त्याची तीन ठरलेली हत्यारं : दाराआडून अर्धवट ऐकलेलं वाक्य, 'वेळ आली की सांगेन' आणि घातलेली शपथ. तिन्हींत नायिकेला सगळं माहीत असूनही ती गप्प बसते. बाई मुळात कणखर लिहिलेली असली तरी या गप्प बसण्यामुळे बावळट दिसू लागते.

भिशीतला वाद आवाजाने मिटणार नाही, वहीने मिटेल. एका मालिकेचे एका आठवड्याचे सहा भाग घ्या. एका भागात पाच-सात प्रसंग धरले तर तीस-चाळीस ओळी भरतील. प्रत्येक प्रसंगापुढे चार रकाने आखा : प्रसंग कोणामुळे सुरू झाला, निर्णय कोणी घेतला, त्याची किंमत कोणी मोजली, शेवटचं वाक्य कोणाचं. दुसऱ्या रकान्यात नायिकेचं नाव चौथाईपेक्षा कमी वेळा आलं, तर ती फक्त शीर्षकगीतात कणखर आहे. तिसऱ्या रकान्यात कायम तीच आणि दुसऱ्यात कायम दुसरं कोणी, अशी बाई सोशीक म्हणायची. मोजताना हमखास होणारी चूक म्हणजे थोबाडीत मारल्याचे प्रसंग तिच्या खात्यात जमा करणं. तीन बाजूंनी तीनदा दाखवलेली थप्पड हा संकलकाचा पराक्रम असतो. शंका आली की टीव्हीचा आवाज बंद करून तोच प्रसंग पुन्हा बघा. संगीत गेल्यावर चेहऱ्यावर काही उरलं, तर ते नटीचं.

आमचा कौल असा. एकेका भागात बघायचं तर रजनी पुढे. पण रजनी पहिल्या भागात जशी, तशीच शेवटच्या भागात. ती बदलत नाही. बदलताना दिसते ती मधुराणी प्रभुलकरांची अरुंधती, आणि घटस्फोटापर्यंतचा तिचा प्रवास टीव्हीवरच्या चांगल्या लेखनात मोडतो. त्यानंतर पाणी घातलं गेलं. आणि दोन्ही गटांनी 'आभाळमाया'मधली (१९९९) सुधा जोशी कशी काय विसरली? सुकन्या कुलकर्णींची ती प्राध्यापक सुधा आवाज न चढवता नोकरी, मुली आणि स्वतःचा आब सांभाळते. वही घेऊन बसलात तर तिचा दुसरा रकाना भरलेला दिसेल.

प्रश्न (येवला) : ललिता पवार आमच्या येवल्याच्या. त्यांचा तो बारीक केलेला डावा डोळा अभिनयाचा भाग होता का?

उत्तर : नव्हता. १९४२ मध्ये एका चित्रीकरणात भगवानदादांना त्यांच्या थोबाडीत मारायची होती. फटका जोरात बसला, चेहऱ्याला अर्धांगवायू झाला आणि डाव्या डोळ्यात कायमचा दोष राहिला. तोवर त्या नायिका होत्या. उपचारांनंतर नायिकेच्या भूमिका थांबल्या आणि चरित्रभूमिका सुरू झाल्या.

त्यांचं मोठेपण दिसतं ते त्या डोळ्याचा वापर त्या कुठे करतात आणि कुठे करत नाहीत, यात. 'रामायण' मालिकेतली (१९८७) मंथरा बघा : मान किंचित कलती, तो डोळा आणखी आवळलेला, शब्द दातांतून. आणि 'अनाडी'मधली (१९५९) मिसेस डिसा बघा. डोळा तोच, पण मान सरळ आणि खालचा ओठ सैल, माया वाटते. याच भूमिकेला त्यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. 'रामशास्त्री'त (१९४४) त्या आनंदीबाई होत्या. गंगापूर रोडवरून जाताना लागणाऱ्या आनंदवलीला जिचं नाव, तीच ही आनंदीबाई. ललिताबाईंना 'कजाग सासू' एवढ्यावर गुंडाळणं हा आळस आहे.

प्रश्न (नाशिकरोड) : महिला मंडळात दहा मिनिटांचा प्रवेश बसवतोय. बाई ऐतिहासिक, कणखर, नऊवारीतली. तालमीत तीन गोष्टी बिघडतात. सगळ्या जणी टीव्हीवरच्या नटीची नक्कल करतात, जोरात बोललं की आवाज चिरतो, आणि रडायच्या जागी रडू येत नाही.

उत्तर : आधी संहितेचे शब्द मोजा. रंगमंचावर मराठी संवाद मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या चालीने जातो, आणि त्यात येणं-जाणं, थांबणंही आलं. दहा मिनिटांना हजारच्या वर शब्द नकोत. जास्त झाले की शेवटची दोन मिनिटं पळत म्हटली जातात, आणि नेमकी तीच महत्त्वाची असतात.

नक्कल का होते? मालिकेत कॅमेरा तोंडाशी असतो, भुवई हलली तरी भागतं. ती भुवई दहाव्या रांगेत पोचत नाही, मग तिची भरपाई हातवाऱ्यांनी होते. पहिला आठवडा कोणीही मोबाइलवर मूळ मालिका बघायची नाही. प्रत्येक संवादापुढे पेन्सिलीने लिहा, हिला समोरच्याकडून काय हवंय : परवानगी, माफी, एक दिवसाची मुदत. 'राग' असं लिहू नका. राग लिहिला की ओरडणं आलंच.

आवाज चिरण्याचं कारण आपल्या वाक्यरचनेत आहे. मराठीत क्रियापद शेवटी. 'मी या कागदावर सही करणार नाही' या वाक्याचं सगळं वजन 'नाही'वर आहे, आणि श्वास बरोबर तिथे संपतो. शेवट ऐकू येत नाही म्हणून दिग्दर्शिका 'मोठ्याने' म्हणते, आणि बाई सुरुवातीलाच घसा ताणते. त्याऐवजी पोटापर्यंत श्वास घ्या, पहिला शब्द मुद्दाम खालच्या पट्टीत टाका आणि शेवट सोडू नका. सरावाला वाक्य मागून बांधा : 'करणार नाही', मग 'सही करणार नाही', मग 'कागदावर सही करणार नाही'. असं रोज पाच-सहा वाक्यांचं केलं तर आठवड्यात फरक ऐकू येतो.

रडण्याची काळजी सोडा. ग्लिसरीन कॅमेऱ्यासाठी. तिसऱ्या रांगेपलीकडे अश्रू दिसत नाही आणि काजळ मात्र ओघळलेलं दिसतं. ग्लिसरीन डोळ्यात तर घालूच नका. त्याऐवजी वाक्य अर्ध्यावर तोडा, एक श्वास थांबा, उरलेलं हळू पूर्ण करा. रडू आवरणारी बाई प्रेक्षकाला रडवते.

आता लुगडं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास कापड. ते गुळगुळीत लेगिंगवरून घसरतं, म्हणून आत सुती घाला आणि कमरेला सुती पट्टा घट्ट बांधून त्यावर कासोटा खोचा. येवल्याची अस्सल पैठणी प्रयोगाला नको. पिन लागली की जरीचा धागा ओढला जातो आणि जीव हळहळतो. सुती काठपदरी लुगडं मंचावर उलट जास्त खरं दिसतं. दुसऱ्या आठवड्यापासून तालीम लुगड्यातच करा, विशेषतः खाली बसणं, उठणं आणि पायऱ्या चढणं. कॉलर माइक असेल तर तो हनुवटीखाली वीतभर अंतरावर आणि ठुशी-मंगळसूत्रापासून लांब लावा. धातू घासला की सभागृहभर खरखर ऐकू जाते. गळ्यात एकच दागिना ठेवा म्हटलं की मंडळात रुसवेफुगवे होतील, पण होऊ द्या.

प्रश्न (सातपूर) : आम्ही घरातले चौघे एक मालिका मोबाइलवर न चुकता बघतो, तरी तिचा टीआरपी कमी. असं का?

उत्तर : कारण तुमचं बघणं त्या आकड्यात धरलंच जात नाही. २०१५ पासून ही मोजणी 'बार्क' ही प्रेक्षकसंख्या मोजणारी संस्था करते. निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर जोडलेला असतो. वाहिनीच्या आवाजात कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. घरातल्या प्रत्येकाला वेगळं बटण. टीव्हीपुढे बसताना दाबायचं, उठताना पुन्हा दाबायचं. किती जणांनी किती मिनिटं बघितलं, यावर आकडा ठरतो. म्हणूनच जाहिराती लागायच्या आधी नायिकेचं वाक्य 'मी ठरवलंय की...' इथे तुटतं. ठाम बाई डळमळीत वाटते, त्याला ही कात्रीही कारण आहे.

प्रश्न (देवळाली) : रोहिणी हट्टंगडी यांना कायम आई आणि सासूच का मिळाली? अन्याय वाटतो.

उत्तर : यावर आम्हा उत्तरं देणाऱ्या दोघांचं एकमत नाही, म्हणून दोन्ही मतं देतो. पहिलं : अन्याय आहेच. 'गांधी'तल्या (१९८२) कस्तुरबांसाठी ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार घेतलेली नटी. तिशीच्या आसपास 'सारांश'मध्ये (१९८४) त्या मुलगा गमावलेली वृद्ध आई झाल्या आणि 'अग्निपथ'मध्ये (१९९०) वयाने मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांची आई. त्यांच्यासाठी कोणी वेगळं लिहिलंच नाही. दुसरं मत : वय साकारणं हीच त्यांची विद्या. पांढरे केस रंगभूषाकार देतो. खांदे किती पडले, उठताना हात कशाचा आधार शोधतो, श्वास वाक्यात कुठे तुटतो, हे नटीनेच ठरवायचं. 'चार दिवस सासूचे'मधली आशा देशमुख एक तपाच्या आसपास रोज बघवली ती त्यामुळे.

प्रश्न (सिडको) : 'माझ्या नवऱ्याची बायको'मधली राधिका वऱ्हाडी बोलायची, पण अनिता दाते तर नाशिकच्या. आणि शनाया बदलल्यावर मजा का गेली?

उत्तर : बोली उचलताना बहुतेक जण 'मले', 'तुले', 'करून राहिली' एवढं पकडतात आणि चाल आपलीच ठेवतात. मग ती बोली उसनी वाटते. अनिता दातेंनी वाक्याचा हेल आणि वेगही सांभाळला. मुंबईत येऊनही राधिका बोली सोडत नाही, हा त्या मालिकेतला सगळ्यात कणखर निर्णय. मसाल्यांचा धंदा बघता बघता कोट्यवधींवर गेला, तिथे मात्र विश्वास उडाला. मसाला कुटणाऱ्या कोणालाही विचारा, उधारी वसूल करण्यातच वर्ष जातं.

शनाया आधी रसिका सुनील, मग ईशा केसकर, मग पुन्हा रसिका. विनोदी खलनायिकेचं सगळं बळ टायमिंगमध्ये असतं. समोरचा नट कुठे थांबायचं ते जुन्या जोडीदारणीच्या श्वासावर शिकलेला असतो, आणि वाक्यंही तिच्या जिभेला बसतील अशी लिहिली जातात. नवी नटी चांगली असूनही काही आठवडे दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालून वावरते.

प्रश्न (त्र्यंबकेश्वर) : पडद्यावरची पहिली बाई पुरुषाने केली म्हणतात. मग पहिली खरी नटी कोण?

उत्तर : तुमच्याच गावी १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके यांनी केली. 'लंका दहन'मध्ये (१९१७) तर राम आणि सीता दोन्ही तेच. त्या दोन चित्रपटांच्या मध्ये, फाळक्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलवल्यावर, 'मोहिनी भस्मासुर' आला. त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी. पडद्यावरच्या पहिल्या नट्या या मायलेकी. 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) फासा उलटा पडला, कृष्ण झाली फाळक्यांची मुलगी मंदाकिनी. श्रेयनामावलीत नाव नसलेल्या सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं करत होत्या. कमलाबाई पुढे गोखले झाल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव आणि विक्रम गोखले नातू.