मुलगी अमेरिकेत अकरावीला आहे, सुट्टीत सोलापूरला आजोळी येतेय. एपी ड्रॉइंगच्या, म्हणजे तिथल्या शाळेतल्या कॉलेज-पातळीच्या चित्रकला विषयाच्या, पोर्टफोलिओसाठी इथे काय काय काढता येईल?

ताई, ठिकाणांची यादी करून तिला पाठवू नका, एवढं आधी सांगतो. माझी भाची अशीच यादी घेऊन आली होती: तळ्यातलं सिद्धेश्वर मंदिर, भुईकोट किल्ला, चादरीचा माग. सुट्टीत 15 चित्रं पूर्ण करून परत जायचं. मी ड्रॉइंग शिकवतो. इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला स्थिरचित्र, संकल्पचित्र ठरल्या वेळात स्वच्छ कागदावर उतरवायचं, हीच आमची सवय, त्यामुळे मलाही तो बेत पटला. मग तिच्यासोबत नियम वाचले.

पोर्टफोलिओचे दोन भाग असतात. ‘सस्टेन्ड इन्व्हेस्टिगेशन’ला, म्हणजे एकाच प्रश्नाचा चित्रांतून घेतलेल्या शोधाला, 60 टक्के गुण, त्यात 15 फोटो द्यायचे. ‘सिलेक्टेड वर्क्स’ला, म्हणजे निवडक कामांना, 40 टक्के, त्यात 5 कामं. ती त्या 15 मधलीच असली तरी चालतात. आणि 15 फोटो म्हणजे 15 पूर्ण चित्रं असं कुठेच लिहिलेलं नाही. कच्ची रेखाटनं, प्रयोग, फसलेला कागद, सगळं त्यात येतं. एकाच प्रश्नामागे पोर कशी लागली, कुठे अडली, काय बदललं, हे परीक्षकांना बघायचं असतं.

भाचीला तिचा प्रश्न सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मागावर सापडला. मालकांनी चादर उलटून दाखवली. वरून लाल जमिनीवर पांढरं फूल, खालून पांढऱ्या जमिनीवर लाल फूल. पोरगी बघतच राहिली. “मामा, मग सुलटी बाजू कुठली?” एका गोष्टीच्या दोन्ही बाजू एकाच कागदावर कशा आणायच्या, यातच तिची सगळी सुट्टी गेली.

आधी तिने पांढऱ्या कागदावर कोळशाने विणकर काढला, मग तोच काळ्या कागदावर खडूने. दोन्ही छान, पण पुढे काही सरकेना. मग मालकांकडून जॅकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी ठरवणारा, भोकं पाडलेला जुना पुठ्ठा मागून आणला, कागदावर ठेवला आणि कापसाच्या बोळ्याने भोकांतून कोळशाची पूड दाबली. पूड पुठ्ठ्याखाली पसरली, सगळा कागद राखाडी झाला. ती फाडायला निघाली होती, मी हात धरला. दुसऱ्या दिवशी त्याच राखाडीतून तिने खोडरबराने उजेड खोदून काढला, विणकराचा हात वर आला. पुढची सगळी कामं त्या एका कागदातून निघाली, आणि तो राखाडी अवस्थेतला फोटोही तिने 15 मध्ये दिला.

म्हणून रोज, काम अर्धवट असतानाच फोटो काढायला सांगा. सकाळी व्हरांड्यात, सावलीत, फ्लॅश न लावता. कागदाच्या मागे तारीख, माप आणि माध्यम लिहू दे, प्रत्येक फोटोसोबत माप, साहित्य आणि पद्धत द्यावी लागते. नेटवरचा फोटो बघून जसाच्या तसा काढला तर ती नक्कल धरतात. मागावर जाण्याआधी मालकांना विचारा. यंत्रमागाच्या खडखडाटात बोलणं होत नाही, चहाच्या वेळेला जा. आणि फिक्सेटिव्ह, म्हणजे कोळसा कागदावर पक्का करणारा फवारा, जवळ ठेवा, तिथे उडणारी कापसाची रुई कोळशावर चिकटते.

आल्यावर पहिले तीन दिवस रंग काढूच देऊ नका. नुसती वही घेऊन फिरू दे, पडतील ते प्रश्न लिहू दे. चौथ्या दिवशी जेवताना ती स्वतःहून पुन्हा जो प्रश्न काढेल, त्याच्यापासून सुरुवात करा.